टीबीच निघू दे

गाठ मला दाढी करताना सापडली. डाव्या बाजूला, कानाच्या खाली, जबडा संपतो तिथं. हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती, आणि तेच मला आवडलं नाही. दुखणारी गाठ म्हणजे दात, घसा, काहीतरी साधंसुधं. न दुखणाऱ्या गाठीबद्दल मला आधीच नको इतकं माहीत होतं. मी आरसा पुसला, मान वाकडी केली, सरळ केली, परत वाकडी केली. अर्धी दाढी तशीच ठेवून खोलीत चकरा मारल्या. मग उरलेली अर्धी उरकली, कारण गिंडीला ऑफिसात सकाळची मीटिंग होती आणि अर्ध्या दाढीनं जाता येत नाही.

मला क्रोन्स नावाचा आतड्यांचा आजार आहे. मिरजेहून नोकरीसाठी चेन्नईला आलो आणि दुसऱ्याच वर्षी तो मागे लागला. माझं शरीर माझ्याच आतड्यांवर चाल करून जातं, म्हणून त्याची मस्ती उतरवायला औषधं घ्यावी लागतात. रोज एक गोळी आणि ठरावीक आठवड्यांनी एक इंजेक्शन. दोन्हींचं काम एकच, प्रतिकारशक्ती दाबून ठेवायची. पोट त्यामुळं शांत राहतं. पण घरचा राखणदारच झोपवून ठेवला की घरात कोण शिरलंय ते कळत नाही.

हे माझ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं होतं. त्या नुंगंबाक्कमच्या एका हॉस्पिटलात बसतात, साठीच्या आहेत, आवाज खाली ठेवून बोलतात. म्हणाल्या होत्या, "तू तरुण आहेस, पुरुष आहेस, आणि ही दोन्ही औषधं एकत्र बरीच वर्षं घेणार आहेस. अशा मुलांमध्ये क्वचित, अगदी क्वचित, लिम्फोमा होतो. लसिकाग्रंथींचा कॅन्सर. कातडीच्या कॅन्सरचा धोकाही जरा वाढतो. तुला घाबरवायला सांगत नाही, पण सांगणं माझं काम आहे." मी विचारलं, औषध घेतलंच नाही तर? त्या म्हणाल्या, मग आतडं कापायची वेळ येईल, आणि ते तितकंसं क्वचित नसतं. म्हणजे आगीतून फुफाट्यात की फुफाट्यातून आगीत, एवढंच ठरवायचं होतं. मी सही केली आणि गोळी सुरू केली.

कातडीसाठी म्हणून उन्हात लांब बाह्यांचा शर्ट, टोपी, आणि तोंडाला क्रीम लावायला सांगितलं. चेन्नईत ऊन टाळायचं म्हणजे मिरवणुकीत ढोल टाळण्यासारखं आहे. आमच्या कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांसाठी साचे आणि पकडी बनवतात. माझं काम ड्रॉइंगचं, पण दिवसातून दहादा शेडमध्ये जावं लागतं आणि मध्ये उघडं आवार आहे. तोंडाला पांढरं क्रीम फासून मी आवार ओलांडायला लागलो की शेडमधले लोक "माप्पिळ्ळै वरार" म्हणायचे, नवरदेव आले. मीही मग चालण्यात जरा ऐट आणायचो. ही थट्टा मला आवडायची, कारण तिच्यामागचं कारण त्यांना ठाऊक नव्हतं.

गाठ सापडल्यानंतर मात्र मी त्यांच्यावर खेकसायला लागलो. मी मुळातच तापट आहे. आई म्हणते, हा पोटातनंच भांडत आला. पण हे वेगळं होतं. हात सारखा मानेकडं जायचा. ड्रॉइंग उघडलं की हात मानेकडं, सिग्नलला थांबलं की हात मानेकडं. मोठी झालीये का, हलते का, शेजारी अजून एक आलीये का. शेवटी माझा साहेब म्हणाला, मान अवघडलीये तर बाम लाव. मी उठून बाहेर गेलो आणि आवारात, भर उन्हात, क्रीम न लावता उभा राहिलो.

डॉक्टरांनी मान चाचपली. दुसरी बाजू, काखा, जांघा, सगळं बघितलं. दोन अजून होत्या, लहान. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडं ओढली, आणि ती ओढण्यातच मला कळलं. म्हणाल्या, "दोन शक्यता आहेत. ज्याबद्दल मी तुला सांगितलं होतं ते. किंवा टीबी. या औषधांवर दोन्ही होऊ शकतं. स्कॅनमध्ये दोन्ही सारखंच चमकतं, म्हणून स्कॅनवर मी विश्वास ठेवणार नाही. सुई घालून बघू." इंजेक्शन आणि गोळी दोन्ही त्यांनी त्याच दिवशी थांबवली. बाहेर येऊन मी आईला फोन केला आणि म्हणालो, जरा ये. कशाला ते विचारू नको.

आई मिरजेहून निघाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहिली. बरोबर भडंगाचा डबा, मेतकूट आणि देवीचा अंगारा. मी आदंबाक्कमला एका घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. खालच्या घरमालकीणबाईंना सगळे मामी म्हणतात. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर चालतं आणि मध्येच असा एखादा जुना शब्द टाकतात की आई क्षणभर थबकते. दोघींची गेल्या खेपेपासून गट्टी. मामींनी आईला जिन्यातच गाठून विचारलं, मुलगा असा का वाळला? आई म्हणाली, उष्णता. आमच्या घरात प्रत्येक आजाराला असं एखादं सभ्य नाव असतं.

इथं आमच्या घराबद्दल सांगावं लागेल. आईचे वडील क्षयानं गेले. पण घरात हे कधी कुणी म्हटलं नाही. त्यांचं "पोट दुखायचं". आईचं लग्न जमलं ते या पोटदुखीवर. तिची थोरली बहीण, माझी मावशी, हिचं मात्र जमलं नाही. मुलाकडच्यांच्या कानावर कुठून तरी गेलं होतं. मग मावशी आमच्याकडंच राहिली आणि तिनंच मला वाढवलं. आई तिला अक्का म्हणते. चेन्नईत भाजीवालीपासून बसमधल्या बाईपर्यंत सगळ्याच अक्का असतात, त्यामुळं इथं आल्यापासून मला मावशीची आठवण रस्तोरस्ती येते.

तो शब्द आमच्याकडं उच्चारायचा नाही. टीव्हीवर सरकारी जाहिरात लागली की आई चॅनेल बदलायची. शेजारी कुणी सलग खोकलं तर खिडकी लावायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं आवडतं वाक्य होतं. ती मूठ इतकी वर्षं आवळलेली की आत काय आहे ते मला धड ठाऊकच नव्हतं. आजोबांचं तेवढं कानावर आलं होतं, तेही एका लग्नात, एका तिरसट चुलत मामाकडून.

सुईच्या तपासणीचा रिपोर्ट आला तो अर्धवट. पेशी पुरेशा नाहीत, संशय घ्यायला जागा आहे, पूर्ण गाठ काढून तपासावी. आई आणि मी डॉक्टरांसमोर बसलो होतो. आईला तमिळ येत नाही, इंग्रजी येत नाही, हिंदी येतं ते मिरजेचं. त्यामुळं डॉक्टर इंग्रजीत बोलायच्या आणि मी आईला मराठीत सांगायचो. वाईट वाक्यं मी जरा धुऊन पुसून सांगत होतो. पण लिम्फोमाचं मला पुसता आलं नाही. आई म्हणाली, "म्हणजे कॅन्सर का?" मी म्हणालो, हो, तसलाच.

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. परत गुंडाळलं. मग म्हणाली, "त्यांना सांग, तुझ्या मावशीला झाला होता."

मला वाटलं कॅन्सर. मी विचारलं, काय झालं होतं?

"टीबी," आई म्हणाली. "तू चार वर्षांचा होतास. खोकल्यातनं रक्त पडायचं तिच्या. तू तिच्याजवळ निजायचास. कळलं तोवर दोन-तीन महिने गेले होते. सांग त्यांना."

माझ्या डोक्यात मावशी पाचगणीला गेली होती. हवापालटाला. मला पोस्टात घालून स्ट्रॉबेरीचा जॅम पाठवायची. मी त्या वर्षी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं की माझी मावशी डोंगरावर राहते. डॉक्टर वाट बघत होत्या. "काय म्हणाल्या आई?" त्यांनी विचारलं. आणि माझ्याच घरातली ही गोष्ट, जी मी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकत होतो, ती मला त्याच क्षणी इंग्रजीत सांगावी लागली. मी सांगितली. माझाच आवाज मला ऑफिसातल्या मीटिंगसारखा वाटला.

डॉक्टरांनी फाइल मागं मागं उलटली. म्हणाल्या, "इंजेक्शन सुरू करण्याआधी मी विचारलं होतं. घरात कुणाला टीबी, जवळच्या कुणाला. इथं 'नाही' लिहिलंय."

ते कुणी सांगितलं होतं ते मला लगेच आठवलं. तेव्हा मी हॉस्पिटलात झोपून होतो, ताप, ग्लानी. आईबरोबर दुभाष्या म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या एक काकू आल्या होत्या. नवरा बँकेतून निवृत्त झालेला, चेन्नईत आयुष्य गेलेलं, तमिळ फर्डं. भल्या बाई. फक्त त्यांना एक भाची होती, पुण्याला, कॉम्प्युटर शिकलेली, आणि आईच्या डोळ्यांसमोर मंडळाच्या गणपतीच्या आरतीपासून ती भाची होती. मुलाला सलाइन लावलंय, आणि आईचं स्थळ चाललंय. काकूंनी डॉक्टरांचा प्रश्न मराठीत करून विचारला आणि आई म्हणाली, छे छे, आमच्या घराण्यात असलं काही नाही.

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सांगितलं की तेव्हा टीबीची चाचणी केली होती, ती नकारात्मक आली, पण मी आधीच स्टिरॉइडवर होतो आणि त्या औषधानं चाचणीचं तोंडही बंद होऊ शकतं. जवळचा रुग्ण घरात होता हे माहीत असतं तर आधी टीबी रोखायच्या गोळ्या दिल्या असत्या, मग इंजेक्शन. मग सर्जनसाठी चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, गाठीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि एक सलाइनमध्ये पाठवायला सांगते, सलाइनमधला टीबीसाठी. तो मी तसाही पाठवला असता. पण आता जास्त कसून शोधेन. आणि आईकडं वळून त्या तमिळमध्ये म्हणाल्या, नंद्री अम्मा, आभारी आहे. आईला तेवढं कळलं. तिनं हात जोडले.

रिक्षात मी फुटलो.

"एका मुलीसाठी," मी म्हणालो. "जिचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं. आणि आलं का ते स्थळ? 'पोटाचं दुखणं आहे मुलाला' एवढं ऐकूनच पळाले ना ते?"

आईनं फाइलची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मला माहीत असायला नको होतं? माझी मावशी. माझी छाती. माझं औषध."

"हळू बोल," आई म्हणाली.

"का? रिक्षावाल्याची भाची आहे का लग्नाची?"

मी असा बोलतो. बोलताना जीभ आवरत नाही आणि नंतर झोप येत नाही. आईनं रिक्षाच्या दांडीला धरलं होतं. गिंडीच्या पुलाखाली आम्ही अडकलो, पुढं बस, मागं लॉरी, हॉर्न. तिथं ती म्हणाली, "तोंडातनं आपोआप गेलं रे. इतकी वर्षं तेच म्हणत आले. माझ्या सासूला, तुझ्या आजीला, कळलं असतं तर अक्काला त्या दिवशी घराबाहेर काढली असती. कुठं गेली असती ती? तुझ्या बाबांना तेवढं माहीत होतं. त्यांनी पाचगणीचं काढलं. मग तेच खरं झालं." बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. मी त्यांच्यावरही चिडलो, पण ते रिक्षात नव्हते.

गाठ काढली. मानेला पट्टी. रिपोर्टला वेळ लागणार होता, कारण नुसतं कॅन्सर आहे की नाही एवढं बघून भागत नाही. असला तर कोणता, तेही रंग देऊन बघतात. ते दिवस कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी एका जागी नव्हतोच. ऑफिसातून रजा होती आणि रजेचं काय करायचं कळत नव्हतं. टीव्ही लावायचो, बंद करायचो. भांडी घासायचो, घासलेली परत घासायचो. पंख्याचं रेग्युलेटर उघडून बसलो आणि ते परत लागेना, मग मामींच्या घरातला जादाचा पंखा वर आणला. आई म्हणायची, अरे एका जागी बूड टेक. मी म्हणायचो, तू टेक. तीही टेकत नव्हती. ओटा पुसायची, परत पुसायची. दोघं त्या दोन खोल्यांत एकमेकांना धडकत फिरत होतो.

त्यात पोटानं उठाव केला. गोळी थांबल्यावर ते होणारच होतं. जुनी कळ उजवीकडं, तीच जागा, तीच वेळ. संडासातून बाहेर यायचो आणि मानेकडं हात जायचा. वर कॅन्सरची भीती, खाली औषधाची गरज, आणि दोन्ही एकाच गोळीची. मी त्या गोळीची बाटली कपाटातून काढून बघत बसायचो. मला तिचा राग धड करता येत नव्हता. तिच्यामुळं मी चार वर्षं नोकरी केली, डोसा खाल्ला, क्रिकेट खेळलो. जर हे तेच असेल, तर जगवलं तिनं आणि मारायलाही तीच आली. इंटरनेटवर माझ्यासारख्या मुलांबद्दल वाचायचो. वाचून मोबाइल उशीखाली ढकलायचो आणि परत काढायचो.

शेवटी एका सकाळी मी म्हणालो, चल, कुठं तरी जाऊ. कुठं ते माहीत नव्हतं. आईला स्कूटरवर मागं बसवलं आणि निघालो. नुसतं पळायचं होतं. शोळिंगनल्लूरपर्यंत गेलो, काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्रं घातलेली पोरं चहाच्या टपरीवर. माझ्याच वयाची. मला त्यांचा हेवा वाटला, मोकळ्या माना घेऊन उभी होती. तिथून परत फिरलो. आई मागून शर्ट घट्ट धरून होती. म्हणाली, "ते समुद्राजवळचं लक्ष्मीचं देऊळ कुठं राहिलं?" बेझंट नगरचं. आईच्या हिशेबी लक्ष्मी म्हणजे कोल्हापूरची अंबाबाईच, फक्त इथं समुद्रकाठी राहायला आलेली.

आईची एक सवय आहे. देवाशी ती मोठ्यांदा बोलते. मिरजेत जरा आवाज खाली असतो, कारण शेजारणी ऐकतात. इथं तिला वाटतं कुणाला मराठी कळत नाही, म्हणून मोकळी सुटते. मी मागच्या खांबाला टेकून उभा होतो, पट्टीखाली खाज सुटली होती. पुढं बायकांच्या रांगेत आई हात जोडून उभी होती. आणि मला ऐकू आलं.

"आई, टीबीच असू दे. अक्काचाच असू दे. मीच खोटं बोलले, माझ्यामुळंच झालं असू दे. मला काय द्यायची ती शिक्षा दे, पण माझीच चूक निघू दे."

मी खांब सोडून बाहेर आलो. चप्पल घालायला वाकलो तर डोळ्यांना पाणी आलं. रिक्षात जे बोललो ते सगळं आठवलं आणि मला स्वतःची लाज वाटली. मला वाटत होतं की ती आपली चूक झाकायला बघत असेल. आणि ती बाई तर चूक पदरात पडावी म्हणून देवीला साकडं घालत होती. ज्या शब्दाला ती जन्मभर घाबरली तोच मागत होती. ती बाहेर आली तेव्हा मी तिच्या चपला पुढं सरकवल्या. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, वाळू गेली डोळ्यात.

परत येताना तिला सिग्नलला विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, "दगडापेक्षा वीट मऊ. तेवढंच."

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांच्या दारासमोर नंबराची वाट बघत होतो. मी उभाच होतो. बसलो असतो तर गुडघा हलला असता आणि सगळा बाक हलला असता. नंबर आला. डॉक्टरांनी या वेळी खुर्ची ओढली नाही. कागद माझ्याकडं फिरवला आणि बोटानं एक ओळ दाखवली. म्हणाल्या, "टीबी. दोन्ही तपासण्यांत. लिम्फोमा नाही." मी ती ओळ वाचली, परत वाचली. तोवर आई माझी बाही ओढत होती. काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. मी अजून त्या ओळीवरच होतो. शेवटी डॉक्टरच तिच्याकडं बघून म्हणाल्या, "टीबी, अम्मा."

आईनं टेबलावर डोकं टेकलं. "नक्की ना?" ती मराठीतच विचारत होती, आणि डॉक्टर तमिळमध्ये आमा, आमा, होय, होय म्हणत होत्या.

मग डॉक्टरांनी मला इंग्रजीत बाकीचं सांगितलं, आणि ते मी आईला त्या वेळी सांगितलं नाही. टीबीची औषधं बरेच महिने. ती चालू असताना पोटाला जमेल तसं सांभाळायचं, थोडक्यात त्रास सोसायचा. नंतर परत दाबणारं औषध लागणारच, क्रोन्स कुठं जात नाही. "पण दोन एकत्र तुला मी परत देणार नाही. एकच देईन. आणि दर वर्षी मान, कातडी, सगळं बघायचं. तू तीस वर्षांचाही नाहीस. अजून खूप वर्षं घ्यायचं आहे हे." मी विचारलं, म्हणजे ती भीती गेली नाही? त्या म्हणाल्या, "या वेळी गेली." मी मान हलवली. पट्टी काढली होती, टाके ओढले जात होते.

बाहेर फाटकापाशी इळनीरवाल्याची, म्हणजे शहाळेवाल्याची, गाडी असते. बाजूला लोकांना बसायला एक सिमेंटचा बाक. आईनं शहाळं हातात धरलं आणि पिण्याआधीच मावशीला फोन लावला. मी तिला म्हणालो, घरी जाऊन कर. ऐकेना. फोन स्पीकरवर, कारण तिला तसाच ऐकू येतो.

"अक्का, टीबीच आहे. दुसरं काही नाही."

तिकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. मग मावशी म्हणाली, "माझाच ना गं?"

"तुझाच," आई म्हणाली. "देवासारखी धावून आलीस बघ."

मावशी रडायला लागली. आईनं फोन माझ्या हातात दिला. मावशी म्हणत होती, "लेकरा, मी तुला जवळ घेऊन निजत होते रे. मला काय माहीत. मी तुला पोटाशी घेऊन निजत होते." मला त्या अंथरुणाचा वास आठवला, निलगिरीच्या तेलाचा. मला एवढंच सुचलं, "बरं केलंस, मावशी. तुझ्याशिवाय झोप यायची का मला?"

आईनं फोन परत घेतला. डोळे पुसले, आवाज मोकळा केला. "आणि हे बघ अक्का, आता कुणी विचारलं तर उष्णता-बिष्णता काही सांगायचं नाही. टीबी झालाय म्हणून सांगायचं. तुला झाला होता तेही सांगायचं. सगळ्यांना सांग. मी त्या मंडळातल्या काकूंनाही सांगणार आहे."

तिथं कुणाला मराठी कळत नव्हतं. पण टीबी सगळ्यांना कळतं. बाकावरच्या एका बाईनं पदर नाकाला लावला आणि पलीकडच्या टोकाला सरकली. एक माणूस अर्धं शहाळं घेऊन उठला. आईनं त्या बाईकडं बघितलं, तिनं मोकळी केलेली जागा पदरानं झटकली, मला हाताला धरून तिथं बसवलं आणि फोनवर अजून मोठ्यांदा म्हणाली, "हो हो, टीबी. टीबी झालाय आमच्या मुलाला."